कंदीलफुलाचा गंध

वसईच्या वाड्यांतून मोगऱ्याच्या आणि सोनचाफ्याच्या टोपल्या भल्या पहाटे दादरच्या फूलबाजाराकडे निघतात, तेव्हा गाडीच्या डब्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाला डोळे मिटूनही कळते की आज कोणते फूल आले आहे. फुलाची पहिली ओळख आपण नाकानेच करून घेतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी भाषेची थोरवी गाताना फुलांमधील मोगरीची आणि परिमळांमधील कस्तुरीची उपमा योजिली, ती याच संस्कारातून. देवघरातील क्रुसाला वाहिलेली माळ असो, वधूच्या केसांतील गजरा असो वा कबरीवर ठेवलेली ओंजळ असो, सुगंध म्हणजे माणसाने केलेले अर्पण, असे आपण गृहीत धरून चालतो.

परंतु फुलाला गंध लाभला तो माणसासाठी नव्हे. रानातील बहुतेक फुले माणसाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच उमलून कोमेजतात, आणि तरीही त्यांचा गंध व्यर्थ जात नाही. तो कोणासाठी असतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास विद्वानांना तीनशेहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास आम्ही येथे एका फुलाच्या आधाराने सांगू इच्छितो. ते फूल आपल्याच सह्याद्रीतले आहे, दुर्मीळ आहे, आणि त्याच्या कथेत आपल्या काही धर्मगुरूंचाही हात लागलेला आहे.

या फुलाला अलीकडे कंदीलफूल किंवा कंदीलपुष्प म्हणतात. रानात वावरणारी माणसे त्याला खरचुडी, खरपुडी अशा नावांनी ओळखतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. हे रुईच्या कुळातले झाड. जमिनीत एक लहानसा कंद, पावसाळ्यात त्यातून निघणारी नाजूक वेल किंवा वीतभर उंचीचे रोप, आणि श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येणारी विलक्षण घाटाची फुले. खाली फुगीर कुपी, तिच्यावर अरुंद नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या वर वाकून टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. दुरून पाहावे तर नाताळात दारी टांगावा असा इवलासा कंदीलच. भारतात या वंशाच्या साठाच्या आसपास जाती आढळतात, आणि त्यांतील कित्येक जगात सह्याद्रीखेरीज अन्यत्र कोठेही नाहीत.

कोचीनचा ग्रंथ

या फुलाचा युरोपला परिचय झाला तो मलबारातून. हेंड्रिक व्हान ऱ्हीड हे १६७० नंतरच्या काही वर्षांत कोचीन येथे डच कंपनीचे प्रमुख अधिकारी होते. मलबारच्या वनस्पतींचा समग्र ग्रंथ सिद्ध करावा, असा ध्यास त्यांनी घेतला. डचांनी १६६३ साली पोर्तुगिजांकडून कोचीन जिंकून घेतले होते आणि युरोपीय कॅथलिक मिशनऱ्यांवर त्यांची वक्रदृष्टी होती. असे असूनही या प्रोटेस्टंट अधिकाऱ्याने आरंभी ज्यांचे साहाय्य घेतले ते होते कार्मेलाइट संघाचे इटालियन धर्मगुरू, फादर मॅथ्यू. वैद्यक आणि वनस्पती यांचे त्यांना चांगले ज्ञान होते, आणि ग्रंथाची आरंभीची रेखाटने त्यांच्या हातची होती. पुढे अधिक अचूक चित्रांची गरज भासल्यावर इतर चित्रकार नेमण्यात आले, आणि पहिल्या खंडांचा लॅटिन मजकूर योहानेस कासेआरियुस या प्रोटेस्टंट पाळकाने रचला.

तथापि खरे ज्ञान होते ते स्थानिक वैद्यांपाशी. इट्टी अच्युतन हा ईळव समाजातील वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य, यांनी वनस्पतींची नावे व गुणधर्म सांगितले. या तीन कोकणी वैद्यांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेले साक्षपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. सतराव्या शतकात कॅथलिक धर्मगुरू, प्रोटेस्टंट पाळक, ब्राह्मण आणि ईळव वैद्य एकाच पानावर नांदावेत, ही घटना आम्हांस त्या ग्रंथातील कोणत्याही वनस्पतीइतकीच दुर्मीळ वाटते. ‘होर्तुस मलबारिकुस’ या नावाने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत तो आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. ऱ्हीड मात्र तो पूर्ण झालेला पाहू शकले नाहीत. १६९१ साली समुद्रप्रवासातच त्यांचे निधन झाले, आणि त्यांची कबर सुरतेस आहे.

या ग्रंथाच्या नवव्या खंडात आपल्या कंदीलफुलाच्या एका जातीचे चित्र आहे. ते चित्र पाहूनच स्वीडनच्या कार्ल लिनियसने त्या वंशाला सेरोपेजिया असे नाव दिले. ग्रीक भाषेत मेण आणि कारंजे यांसाठी जे शब्द आहेत, त्यांपासून ते बनले आहे. या जातीला त्याने झुंबराचे नाव दिले. लिनियस भारतात कधी आला नाही. चित्रातल्या वेलीवरून झुलणाऱ्या फुलांचे घोस पाहून त्याला मेणबत्त्यांचे झुंबर आठवले असावे.

येथेच एक गोष्ट मागे पडली. वैद्यांनी सांगितलेल्या वर्णनांत वनस्पतीच्या रूपाबरोबर तिची चव, वास आणि औषधी गुण यांनाही स्थान असे, कारण वैद्याला रोप ओळखायचे ते बोटांनी चुरडून, हुंगून आणि चाखून. लिनियसने मात्र १७५१ साली आपले नियम मांडताना बजावले की वासावरून जात निश्चित करू नये, कारण वास अनिश्चित असतो आणि प्रत्येकाच्या नाकाला वेगळा भासतो. त्याला वासाचे वावडे होते असे नव्हे. औषधींच्या वासांचे सात वर्ग पाडणारा प्रबंध त्याच्याच देखरेखीखाली पुढल्या वर्षी निघाला. पण ओळखीच्या शास्त्रातून गंध बाहेर गेला तो गेलाच. पाकळ्या मोजता येत होत्या, पुंकेसर मोजता येत होते, गंध मोजता येत नव्हता. दाबून वाळवलेली फुले कागदावर चिकटवून जगभर पाठविण्याची पद्धत रूढ झाली, आणि वाळल्या फुलात गंध तो कसला?

एक केसही व्यर्थ नाही

गंध कशासाठी, हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला तो आडवाटेने. बर्लिनजवळच्या स्पांडाउ गावी क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल नावाचे शाळाप्रमुख होते. ते धर्मोपदेशकाचे पुत्र, आणि त्यांनी स्वतः ईश्वरविद्येचे शिक्षण घेतलेले. १७८७ च्या उन्हाळ्यात एका रानफुलाच्या पाकळीच्या तळाशी त्यांना बारीक केस दिसले. ज्या शहाण्या निर्मात्याने ही सृष्टी घडविली त्याने एक केसही निष्कारण निर्माण केला नसेल, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून ते त्या केसांचे कारण शोधू लागले. पावसाच्या पाण्यापासून फुलातील मधाचे रक्षण व्हावे म्हणून ते केस आहेत, असे त्यांना आढळले. मध कीटकांसाठी, कीटक परागासाठी आणि पराग बीजासाठी, असा धागा उलगडत त्यांनी १७९३ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या ग्रंथात दोन नोंदी आहेत, ज्यांचा आपल्या कंदीलफुलाशी दूरचा पण पक्का संबंध आहे. पहिली नोंद एका युरोपीय वेलीची. तिच्या नळीसारख्या फुलात माशी शिरते, आतील उतरत्या केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही, आणि फुलाचे काम झाले की ते केस सुकतात व कैदी सुटतो. दुसरी नोंद अशी की काही ऑर्किडच्या फुलांत मधाचा थेंबही नसतो. मध असल्याचा केवळ देखावा असतो, आणि कीटक फसतो.

ही दुसरी गोष्ट त्या काळी कोणाला पचली नाही. श्प्रेंगेल यांच्या ग्रंथाचीच उपेक्षा झाली आणि ते एकाकी अवस्थेत वारले. अर्धशतकानंतर चार्ल्स डार्विनने त्यांच्या कार्याचे मोल जगाला पटविले, पण फुलांच्या फसवणुकीवर त्याचाही विश्वास बसेना. १८६२ च्या ऑर्किडवरील ग्रंथात, इतकी मोठी लबाडी निसर्गात पिढ्यान्‌पिढ्या चालू राहील हे आपल्याला मानवत नाही, अशा आशयाची कबुली त्याने दिली आहे. आम्हांस हा प्रसंग मोठा बोलका वाटतो. निर्मात्याच्या शहाणपणावर भिस्त ठेवणाऱ्या शाळाप्रमुखाने डोळ्यांना दिसले ते जसेच्या तसे लिहिले, आणि संशयी म्हणून गाजलेला शास्त्रज्ञ त्या ठिकाणी अडखळला. आज ऑर्किडच्या सुमारे एक तृतीयांश जाती कीटकाला काहीच न देता आपले काम साधतात, असे मानले जाते. श्प्रेंगेल बरोबर होते.

कंदीलफुलाचे रहस्य पहिल्यांदा हेरले ते इटलीच्या फेदेरिको देल्पिनो यांनी. आपल्या दक्षिण भारतातील एका जातीची फुले त्यांना तेथे पाहावयास मिळाली, आणि त्या फुलांत इवल्या माश्या काही काळ कोंडल्या जातात हे त्यांनी १८६९ च्या सुमारास नोंदविले. फुलाची रचना अशी की वरच्या पाकळ्यांवर बसलेली माशी गुळगुळीत पृष्ठावरून घसरून नळीत पडते. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. ते तिला उतरू देतात, पण चढू देत नाहीत. तळाच्या कुपीत मधल्या भागाभोवती भिंत पातळ असल्याने तेथे उजेड येतो, आणि सुटकेची वाट तीच असे समजून माशी तिकडेच घुटमळते. तेथे बहुधा थेंबभर मध असतो. तो चाटताना तिच्या सोंडेला परागाची एक जोडगोळी चिमट्यासारखी घट्ट बसते. एखादा-दुसरा दिवस जातो, केस मलूल होतात, ताठ असलेले फूल कलते, आणि माशी बाहेर पडते. ती दुसऱ्या कंदिलात पुन्हा फसली, तर पहिल्या फुलाचा पराग दुसऱ्याला मिळतो. श्प्रेंगेल यांनी ज्या केसांवरून शोधाला आरंभ केला होता, तसेच केस येथे फुलाच्या वंशाचा दरवाजा राखीत उभे होते. मात्र मुळात माशी त्या दाराशी का येते, हा प्रश्न उरलाच.

झेवियर्सचे धर्मगुरू

दरम्यान सह्याद्रीतील कंदीलफुलांची मोजदाद सुरू झाली होती, आणि तिचे एक केंद्र मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय हे होते. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी १९०६ साली तेथे वनस्पतिसंग्रहाचा पाया घातला. आज तो संग्रह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांचे सहकारी चार्ल्स मॅक्कॅन यांच्यासमवेत त्यांनी पश्चिम घाट पायी तुडविला. पाचगणीचे नाव धारण करणारी कंदीलफुलाची एक जात या दोघांनी जगासमोर आणली. १९३४ साली ब्लाटर निवर्तले. मॅक्कॅन यांनी १९४५ साली आणखी एका जातीचे वर्णन केले, आणि पुढे दुसऱ्या एका जातीला त्यांचेच नाव मिळाले.

ब्लाटर यांचा वारसा चालविला तो स्पेनमधून आलेल्या फादर हर्मेनगिल्ड सांतापाव यांनी. १९०३ साली जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि पावसापाण्याची पर्वा न करता खंडाळ्याच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. १९६२ साली त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत मुंबई इलाख्यातील रुईच्या कुळावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला, आणि कंदीलफुलांचे स्थान त्यातच आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषविले. १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली, आणि १९७० साली या देशातच त्यांचा देह ठेवला गेला. त्यांच्या हयातीतच, १९६८ साली, महाराष्ट्रातील एका कंदीलफुलाला त्यांचे नाव देण्यात आले. एखाद्या धर्मगुरूच्या नावाचा संगमरवरी फलक आपण अनेक ठिकाणी पाहतो. या धर्मगुरूचे नाव मात्र दरवर्षी पावसाळ्यात मातीतून उगवते आणि हिवाळ्याआधी मातीतच परतते.

या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांनी नावे दिली नसती तर आज काय नष्ट होत आहे हेही आपल्याला कळले नसते. पण त्यांच्या कागदांवरची फुले वाळलेली होती. रूप टिकले, रंग थोडाबहुत टिकला, गंध मात्र उडून गेला. तो दोष त्यांचा नव्हता. गंध पकडून ठेवण्याचे साधनच त्या काळी हाताशी नव्हते.

गंधाचे गुपित

गंधाला शास्त्रात पुन्हा जागा मिळवून देण्यात जर्मनीच्या स्टेफान फोगेल यांचा वाटा मोठा आहे. १९६१ साली त्यांनी कंदीलफुलांच्या सापळ्यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर लवकरच फुलांतील गंधग्रंथींवर ग्रंथ लिहिला. पाकळ्यांच्या ठराविक भागांतच गंध तयार होतो, आणि तो माशीला नेमक्या जागी उतरवतो, हे त्यांनी दाखविले. पुढे फुलाभोवतीची हवा शोषून घेऊन तीतील एकेक द्रव्य वेगळे करणारी यंत्रे आली. लिनियसला जे मोजता आले नाही ते आता मोजता येऊ लागले.

२०१६ साली आनेमारी हाइडुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील एका कंदीलफुलाविषयी जे प्रसिद्ध केले ते वाचून आम्ही थक्क झालो. तेथे काही इवल्या माश्या परान्नावर जगतात. कोळ्याने मधमाशी पकडली की तिच्या जखमांतून पाझरणारा रस चाखण्यास त्या धावतात. संकटात सापडलेली मधमाशी काही विशिष्ट वासाची द्रव्ये सोडते, आणि त्या वासावरून माश्यांना जेवणाचा पत्ता लागतो. कंदीलफूल त्याच द्रव्यांतील काही द्रव्ये हवेत सोडते. तेथे कोळी नसतो, मधमाशीही नसते. असतो तो केवळ मरणाऱ्या मधमाशीचा आभास. माशी येते, घसरते, कोंडली जाते, आणि पराग घेऊन बाहेर पडते. ज्या लबाडीवर डार्विनचा विश्वास बसला नाही, ती याहून अधिक कुशलतेने कोणी रचली असती असे वाटत नाही.

आफ्रिकेतील एका जातीचा हा निष्कर्ष सह्याद्रीतील प्रत्येक जातीला जसाच्या तसा लावता येणार नाही. या वंशाला भेट देणाऱ्या माश्या अनेक वेगवेगळ्या कुळांतील आहेत, आणि ज्या फुलाचा पाहुणा वेगळा त्याचे आमंत्रणही वेगळे. पण एक धडा सर्वत्र सारखाच लागू पडतो. या फुलाचे जगणे फुलापाशी संपत नाही. त्या आफ्रिकी फुलाच्या पाठीशी माशी आहे, माशीच्या पाठीशी कोळी आहे आणि कोळ्याच्या पाठीशी मधमाशी आहे. त्या रानातून मधमाशी हद्दपार झाली, तर फूल उमलेल, गंध सोडील, पण ते आमंत्रण ज्या खुणेवर आधारलेले, ती खूणच कोणी ओळखणार नाही.

आपल्या सह्याद्रीत कंदीलफुलांची अवस्था बिकट आहे. त्यांचे कंद खाण्यास रुचकर असल्याने गुराखी आणि रानातील लोक ते पूर्वापार खणून खात आले. रानडुकरे आणि साळिंदरेही खणतात. तेवढे नुकसान वेल सोसत आली होती. पण सडे फोडून रस्ते झाले, दगड आणि खनिज यांसाठी माळ खरवडले गेले, गवताला वणवे लागू लागले, आणि फुलांच्या हंगामात पठारांवर हौशी पर्यटकांची पावले वाढली. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले, तेव्हा त्याला मान मिळाला आणि गर्दीही मिळाली. दुसऱ्या बाजूस आशेची चिन्हेही आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील अभ्यासकांनी या जाती बागेत वाढविण्याचे कष्ट घेतले आहेत, आणि नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून २००६ साली एक नवीन जातही उजेडात आली. बागेतील रोप हा विम्यासारखा आधार आहे. तो हवाच. परंतु कंद कुंडीत लावता येतो, सडा कुंडीत लावता येत नाही, आणि त्यावरच्या माशीला तर आपण अजून नावानेही ओळखत नाही.

मागे वळून पाहता आम्हांस या साऱ्या इतिहासात एक क्रम दिसतो. कोचीनच्या वैद्यांनी हुंगून ओळखले, लिनियसने गंध वगळून नाव दिले, श्प्रेंगेल यांनी केसाचे प्रयोजन विचारले, देल्पिनो यांनी कैद पाहिली, आपल्या धर्मगुरूंनी डोंगर तुडवून जाती नोंदविल्या, आणि शेवटी गंधाचा अर्थ लागला. यांपैकी कोणाचेही काम एकट्याने पुरे झाले नाही, आणि कोणाचेही वाया गेले नाही. धर्म, देश आणि भाषा यांनी वेगळी असलेली ही माणसे एका वीतभर रोपापाशी एकमेकांचे हात धरून उभी आहेत.

पुढील पावसाळ्यात मुलाबाळांसह हरिश्चंद्रगडावर वा कासच्या पठारावर जाणे झाले आणि गवतात असा एखादा हिरवट-जांभळा कंदील दिसला, तर त्यास हात लावू नये. गुडघे टेकून वाकावे आणि मुलांनाही वाकून पाहू द्यावे. मोगऱ्याचा घमघमाट तेथे मिळणार नाही. कदाचित काहीच वास येणार नाही, कारण ते बोलावणे आपल्यासाठी नाही. पण कुपीच्या पातळ भिंतीमागे एखादी काळी ठिपक्याएवढी माशी हलताना दिसली, तर आपण समजावे की त्या डोंगरावर सारे काही अजून ठीक आहे.